नागपूरच्या मॅचबद्दल, शकील

शकील, परवा मी तुला फोन लावला.

मोरूभाऊच्या सायबर कॅफेवरून जात होते. आतून आताच्या पोरांचा गलका ऐकू आला. गेमच्या शेवटच्या फेरीत एकटा उरलेल्या कोणीतरी समोरच्या चौघांना मारलं होतं, आणि हे नशीब की डोकं यावर पोरं हमरीतुमरीवर आली होती. मी स्कूटी बाजूला घेतली आणि सवयीनं तुझा नंबर दाबला. दोन रिंग गेल्या आणि मग आठवलं, तू नाहीस. कट करणार तेवढ्यात अम्मीनं उचलला. मी म्हटलं, अम्मी, चुकून लागला. "लगने दे बेटा," ती म्हणाली, "बजा तो अच्छा लगा."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला रडले. पानठेल्यावरची माणसं बघत होती, बघू दे म्हटलं.

तुझा जन्म, तुझं शिक्षण, तुझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान, हे सगळं लिहिणारे लिहितील. मला फक्त एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. या गावात तुझ्याबद्दल एक किस्सा सांगतात. शकीलनं म्हणे हेडफोनच्या तारा मुद्दाम उलट्या जोडल्या आणि नागपूरच्या टीमला फसवून हरवलं. कोणी कौतुकानं सांगतं, कोणी नाक मुरडून. किस्सा खोटा आहे. तो खोटा आहे हे मला सात वर्षांपासून माहीत आहे, आणि सात वर्षांत मी एकदाही तोंड उघडलं नाही.

तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुझ्या केसांत कापूस होता. अब्बांच्या गादी-रजईच्या दुकानातून उठून तू थेट कॅफेत यायचास, आणि स्वतःला झटकून यावं एवढंही तुला सुचायचं नाही. मी ऊर्जानगरहून, पॉवर हाऊसच्या कॉलनीतून, कंपनीच्या बसनं पॉलिटेक्निकचा रिझल्ट पाहायला आले होते. मोरूभाऊच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'इंटरनेट' लिहिलेलं, आणि आत बाराच्या बारा कॉम्प्युटरांवर पोरं बंदुका घेऊन धावत होती. मी आवाज चढवला. सगळे दचकले, एकटा तू मान न वळवता म्हणालास, "बाई, नेट स्लो आहे. रिझल्ट याले अर्धा घंटा लागते. तंवर बसा ना इथी, खेळून पाहा."

मी बसले, ते रागानं. त्या अर्ध्या तासात तू मला एकोणीस वेळा मारलंस, आणि दर वेळी तोंड वाकडं न करता "सॉरी बाई" म्हणालास. रिझल्ट आला, मी पास होते, आणि तो आनंद मला झालाच नाही. तुझं ते "सॉरी बाई" डोक्यात घेऊन मी बसमध्ये चढले. दुसऱ्या दिवशी परत आले.

गेम साधा होता. पाच जण इकडे, पाच जण तिकडे. एका टीमनं बॉम्ब लावायचा, दुसरीनं तो अडवायचा. जो आधी तेरा फेऱ्या मारेल तो जिंकला. तू येण्याआधी या कॅफेचा राजा म्हणजे इंजिनिअरिंगचा एक उंच विद्यार्थी होता. तो गोळ्या झाडत धावत सुटायचा, म्हणून सगळं गाव गोळ्या झाडत धावायचं. तू मात्र दाराआड उभा राहायचास. गेममध्ये पावलांचा आवाज न करता हळू चालायचं एक बटण होतं. ते कीबोर्डवर सगळ्यांसमोर होतं, पण वापरायचा कोणी नाही. तेव्हाच्या हेडफोनचा एकच कान चालायचा. त्या एका कानानं तू पावलं ऐकायचास, माणूस किती लांब आहे ते मनात मोजायचास, आणि तो दारात आला की एक गोळी. एका रविवारी तू त्या इंजिनिअरला सलग तीनदा हरवलंस. तो उठला, खुर्ची आत सारली, आणि पुन्हा आला नाही.

महिन्याभरात सगळा कॅफे हळू चालायला लागला. एवढी शांतता की मोरूभाऊला मागच्या खोलीत वाटायचं लाइट गेली. तशी ती जायचीच म्हणा. अख्ख्या महाराष्ट्राला वीज देणारं गाव आपलं, आणि आपल्याकडे रोज भारनियमन. माझे बाबा पॉवर हाऊसमध्ये, त्यामुळे लाइट गेली की सगळे माझ्याकडे बघायचे. "तुह्या बाबाले सांग ना वं," मंगरू ओरडायचा.

मंगरूवर आपण किती अन्याय केला, आठवतं? भामरागडकडचा, आश्रमशाळेतून शिकून इथे होस्टेलवर आलेला. सगळ्यांनी गृहीत धरलं की जंगलातला पोरगा, म्हणजे पाय न वाजवता चालणार. त्याला मुद्दाम टीममध्ये घेतलं. आणि त्याच्यासारखा दणदण चालणारा दुसरा प्राणी नव्हता. एकदा तू वैतागून विचारलंस, "अबे, तुमच्या जंगलात असेच चालतेत काय?" तो शांतपणे म्हणाला, "हो. आवाज करतच चालाव लागते. नाईतं अस्वलाले कसं समजन आपण येऊन राह्यलो म्हणून?"  पुढे तू त्याच्या त्या आवाजाचाच डाव केलास. मंगरूनं एका बाजूनं धाडधाड जायचं, समोरचे सगळे तिकडे वळले की आपण दुसरीकडून शिरायचं. माजरीहून खेळायला येणारे ते दोघे भाऊ, तू, मंगरू आणि मी, अशी आपली टीम झाली.

आपला ठरलेला वाद असायचा तो ऊर्जानगरच्या बसची वाट बघताना. मी म्हणायचे, एखादी मॅच अशी होते की तिच्यानंतर सगळ्यांचं खेळणं बदलतं. तू त्या इंजिनिअरला हरवलंस ती तशी. तू म्हणायचास, "मॅच-बिच काही नसते यार. एक माणूस येते. त्याले हरवाले सगळ्यायले नवीन शिका लागते. बस, तेच." मग मी म्हणायचे, म्हणजे तूच तो माणूस, असं ना? तू लाजायचास. लाजलास की कानामागून कापूस काढायचास, तो असो नसो.

आता त्या दुपारकडे येते.

हेडफोन एकेक करून मरत होते. तारा पिनेपाशी तुटायच्या. मोरूभाऊनं नव्या पिना आणल्या आणि तू मला म्हणालास, "वैशू, तुमच्या कॉलेजमध्ये सोल्डरिंग आहे ना? येते काय?" मला येत नव्हतं. प्रॅक्टिकलला आम्ही चार मुली एका टेबलावर असायचो आणि सोल्डरिंगची तापलेली दांडी नेहमी मुलांच्याच हातात. मी म्हटलं, येतं. तुला ते खोटं लगेच कळलं असणार. तू समोर बसलास, एका कागदावर पिनेचं चित्र काढलंस, लाल तार इकडे, हिरवी तिकडे, आणि एक हेडफोन मला करून दाखवलास. मग अब्बांचा निरोप आला आणि तू दुकानात गेलास. मोरूभाऊ आत घोरत होता.

ते बाराही हेडफोन मी एकटीनं जोडले, शकील. तू दाखवलेलासुद्धा उकलून परत माझ्या हातानं केला, कारण मला बाराच्या बारा माझे हवे होते. बोट भाजलं, आईला सांगितलं इस्त्री लागली. संध्याकाळी तू आलास, एक कानाला लावलास. दोन्ही बाजूंनी आवाज! "अबे वा!" म्हणालास. दोन्ही कान वाजतात एवढंच तू पाहिलंस. कोणता कान कुठे, ते कोण पाहणार? दोन कानांनी खेळणं म्हणजे काय, हे तोवर आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

तू चित्र काढलंस ते तुझ्या बाजूनं. मी ते वाचलं समोरून, माझ्या बाजूनं. त्यामुळे डाव्याचा उजवा झाला, बाराही वेळा.

आणि आपण त्यावरच शिकलो. डाव्या कानात पाऊल वाजलं की हात उजवीकडे वळायचा. ठरवून नाही, रोज मार खाऊन खाऊन हातांना तशी सवय लागली. नव्या पोरांना सुरुवातीला जड जायचं, मग तीही वळायला लागायची. आपल्याला वाटायचं, गेमच असा आहे.

म्हणून नागपूरची टीम आपल्याकडे आली तेव्हा जे झालं ते झालं. पाचही जण एकसारख्या टी-शर्टमध्ये, स्वतःचे माऊस रुमालात गुंडाळून आणलेले. विदर्भात ते कोणाकडूनच हरलेले नव्हते. गल्लीत एवढी गर्दी की मोरूभाऊनं दार काढून ठेवलं. त्यांच्या कानाला आपले हेडफोन, आणि ते बिचारे सारखे भलत्याच बाजूला वळत होते. त्यांचा कॅप्टन ओरडला, "साउंड उलटा है यार!" आणि माजरीचा धाकटा म्हणाला, "हरला की साउंडच उलटा असते भाऊ." सगळी गल्ली हसली. मीही हसले, सगळ्यांत जोरात. तेरा-चार. त्या दिवशी तुला खांद्यावर घेऊन पोरं गोल बाजारापर्यंत गेली आणि अब्बांनी दुकानातून उठून पाहिलं. मग त्यांनी पेढे मागवले.

त्यानंतर तुझं नाव झालं. वणीहून, वरोऱ्याहून, अमरावतीहूनसुद्धा पोरं यायची, तुझ्या मागे उभी राहून बघायची आणि घरी जाऊन हळू चालायला लागायची. तू कोणालाही शिकवायचास. मी चिडायचे, सगळं सांगून टाकशील तर आपण जिंकणार कसे? तू म्हणायचास, "ते शिकतीन तं आपल्याले अजून नवीन शिकाव लागन. मजा आहे ना."

मग त्यांनी आपल्याला नागपूरला बोलावलं.

कॉलेजचा हॉल, पंखे, माईकवर नावं पुकारणारा माणूस. घरी आईनं विहारातल्या बायांना सांगितलं होतं की माझी पोरगी कॉम्प्युटरच्या स्पर्धेला जाते, आणि त्या सगळ्यांना वाटलं टायपिंगची आहे. आपण बसलो. त्यांचे ते जाड, मऊ हेडफोन कानाला लावले आणि आपण आंधळे झालो. तुला आठवत असेल, एक-नऊ. माजरीवाले एकमेकांवर खेकसत होते. मंगरू पहिल्यांदाच गप्प होता. तू हेडफोन काढलास, हातात फिरवून पाहिलास, आणि उलटा घातलास. माईकची काडी भलत्याच गालावर. हॉलमध्ये लोक हसायला लागले. पुढच्याच फेरीत तू तिघांना मारलंस.

"आपल्या तारा उलट्या आहेत," तू वळून म्हणालास. "सगळ्यायनं उलटा घाला."

त्या तिघांनी घातला. मी नाही. तू "तारा उलट्या" म्हणालास आणि मला ते कागदावरचं चित्र दिसलं, आणि ते दिसल्याचा मला एवढा राग आला की मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले, "हेडफोन बरोबर आहेत! तुम्हाला खेळता येत नाही!" तू माझ्याकडे पाहिलंस. अगदी थोडा वेळ. "बरं," म्हणालास, "तू नको घालू. राहू दे."

चार उलटे आणि एक सुलटी, असे आपण खेळलो. काय खेळलास तू! एक-नऊवरून बारा-बारा. मला अजून वाटतं त्या हॉलमध्ये त्या दिवशी जे कोणी होते त्यांनी नंतर तसा खेळ पाहिला नसेल. माईकवाला नावं पुकारायची विसरला होता. शेवटच्या फेरीत तू दोघांना घेऊन पडलास, माजरीवाले पडले, मंगरू पडला. उरले मी आणि त्यांचा एक. मी कोपऱ्यात उभी. पाऊल वाजलं, डाव्या कानात, स्पष्ट.

मी उजवीकडे वळले.

बारा-तेरा. पण खरी मॅच त्याच्यानंतर सुरू झाली. तुझं "तारा उलट्या" त्यांच्या कॅप्टननं ऐकलं होतं. तो उठून आला. "बोला था ना मैंने, साउंड उलटा था! किसने किया?" सगळा हॉल गोळा झाला. मी माझ्या चपलेकडे बघत होते. फक्त दोन माणसांना माहीत होतं की त्या दुपारी दांडी कोणाच्या हातात होती. मला वाटलं, मी आता बोलते. आता बोलते. आणि तू म्हणालास, "मैंने किया."

"जानबूझ के?"

तू काहीच म्हणाला नाहीस. गप्प राहिला म्हणजे हो, असं त्यांनी धरलं. आपली गल्लीतली जीत आयोजकांनी खोडली आणि तुला सांगितलं, पुन्हा यायचं नाही. तू मान हलवलीस, जसं कोणी बसची वेळ सांगितली असावी. त्यानंतर तू कुठल्याच स्पर्धेत खेळला नाहीस. चोवीस वर्षांचाही नव्हतास.

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत आले ती सांगायलाच. तू सगळे हेडफोन टेबलावर ओतून बसला होतास, पिना उकलत. मी म्हटलं, "शकील, ऐक ना." तू म्हणालास, "बस. चहा घे. हे असं धर." मग कोरा कागद घेतलास आणि पिनेचं चित्र परत काढायला लागलास. आणि काढायच्या आधी उठलास, खुर्ची ओढलीस, टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन बसलास. आता चित्र दोघांनाही एकाच बाजूनं दिसत होतं. मी समजले की तुला सगळं समजलं आहे. बाराही हेडफोन तू माझ्याच हातानं परत करून घेतलेस. एक-दोनदा म्हणालास, "छान जमते तुले." त्यानंतर माफी मागणं मला जमलंच नाही.

आज मी पॉवर हाऊसच्या इन्स्ट्रुमेंट विभागात आहे, हे तुला माहीत आहे. तिथे माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत आणि बारीक जोडणीचं काम आलं की म्हणतात, मॅडमला द्या. त्या हातांवर हसायची त्या दिवशी अख्ख्या हॉलला संधी मिळाली असती. ती तू दिली नाहीस. हे उपकार म्हणून लिहीत नाही, तुला उपकार शब्दाची ॲलर्जी होती. पण आहे ते आहे.

आणि त्याची किंमत कोणी दिली, तेही मला माहीत आहे. माझ्या लग्नाच्या रजया करायला आई आणि मी तुमच्या दुकानात आलो होतो. अब्बा नमाजला गेले होते. मी म्हटलं, अरे, तूच तोलून दे ना कापूस. तू हात मागे बांधून उभा राहिलास. "अब्बा येतीन. काटा तेच धरतेत." मी म्हटलं, काऊन, तुला येत नाही का? तू हसलास आणि विषय बदललास. तुझ्या धाकट्या भावानं नंतर मला सांगितलं. नागपूरचा किस्सा बाजारात पोहोचला त्या आठवड्यात अब्बांनी तुला सांगितलं होतं: ज्यानं खेळात हेराफेरी केली त्याचा हात आपल्या काट्याला लागणार नाही. चार पिढ्यांचा काटा. म्हणून तू कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान टाकलंस, आणि लोक म्हणाले, पोरगा हुशार, वडिलांच्या धंद्यात पडला नाही.

हे कळल्यावरही मी गप्प राहिले, शकील. आधी लग्न होतं, मग बाळ झालं, मग वाटलं आता एवढी वर्षं गेली. तू घरी यायचास, माझ्या नवऱ्याचा कॉम्प्युटर सुधारायचास, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन चुकीची बटणं दाबू द्यायचास. नागपूरची मॅच निघाली की तू म्हणायचास, ती आपली सगळ्यांत भारी मॅच. मी म्हणायचे, हरलेली मॅच भारी कशी? आपली भारी मॅच ती गल्लीतली, तेरा-चार. मी हट्टानं तीच धरून बसायचे, आणि तू कधी म्हणाला नाहीस की वैशू, ती तर आपण तुझ्या चुकीमुळे जिंकलो.

गेल्या महिन्यात तू भामरागडला गेलास. मंगरू तिथे मास्तर, त्याच्या शाळेचे चार कॉम्प्युटर बंद पडले होते. पावसाळ्यात नको जाऊ म्हणून मीही सांगितलं. "दोन दिवसाचं काम आहे," म्हणालास. पूल पाण्याखाली गेला आणि तुला ताप भरला. त्याबद्दल मी लिहिणार नाही. मंगरूनं काय काय केलं ते त्यालाच माहीत. पाणी उतरल्यावर तो तुला घेऊन आला, आणि तेव्हापासून तो तुमच्याच अंगणात आहे. परत जायला त्याचा पाय उचलत नाही.

परवाच्या त्या फोननंतर मला झोप लागली नाही. काल मी तुमच्या घरी गेले.

अंगणात माजरीवाले आले होते, मंगरू होता, बाजारातली चार माणसं होती. अब्बा खाटेवर. बाजारातलं कोणीतरी प्रेमानंच बोलत होतं, काय डोकं होतं पोराचं, तारा उलट्या करून नागपूरवाल्यांना कसं बनवलं. अब्बांनी मान दुसरीकडे फिरवली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "त्या तारा मी जोडल्या होत्या. चुकून. शकीलनं हातसुद्धा लावला नव्हता."

 मग मंगरू खाली बघत म्हणाला, "माहीत आहे वं, वैशू."

"काय माहीत आहे?"

"तू हॉलमध्ये ओरडली ना, तवाच समजलं. बसमध्ये तू झोपली होती. आम्ही शकीलले विचारलं. तो म्हणे, पोरगी पहिल्यांदा सोल्डर करून राह्यली होती, चित्र मीच तिच्या समोरून काढलं. कोणी तिले बोललं तं टीम बंद." माजरीच्या थोरल्यानं मान हलवली. सात वर्षं ते तिघे माझ्या घरी जेवून गेले, माझ्या लग्नात वाढायला उभे राहिले, आणि एका शब्दानं बोलले नाहीत. तू मला माफ केलंस आणि इतरांनाही करायला लावलंस, पण मला माफी काही मागू दिली नाहीस. याचा मला राग आहे. हा राग मी ठेवणार आहे, कारण तुझ्याशी भांडायला आता एवढंच माझ्याकडे आहे.

अब्बांना तेवढं माहीत नव्हतं. एकट्या त्यांनाच.

मी त्यांच्या खाटेपाशी जाऊन खाली बसले.  मला वाटलं, आता ते मला उठून जायला सांगतील, आणि सांगितलं असतं तर मी गेले असते.

"त्याले मालूम होतं, तू केलं म्हणून?" त्यांनी विचारलं.

"हो अब्बा."

"आणि तरी बोलला, मैंने किया."

"हो."

"म्हणजे झूठ तं बोललाच ना," अब्बा म्हणाले.  मग तोंडावर गमछा धरून ते रडले, शकील. अम्मी आतून आली आणि दारातच थांबली. तुझ्या दफनाच्या दिवशीही ते रडले नव्हते, असं तिनं मला नंतर सांगितलं.

मी "माफ करा" म्हणाले. ते त्यांनी ऐकलं की नाही ते मला ठाऊक नाही. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वो मैच का बता. मेरे को किसी ने बताया ही नहीं. मैंनेच पूछा नहीं."

मग मी सांगायला बसले. एक-नऊ सांगितलं. उलटे हेडफोन आणि हसणारा हॉल सांगितला. मंगरू मध्ये मध्ये सुधारत होता, माजरीवाले हातवारे करून दाखवत होते, तू कुठे उभा होतास, कोण कुठून आला. अब्बा प्रत्येक फेरीला थांबवून विचारत होते, "इसमें शकील था? शकीलनं मारलं?" तुझ्या प्रत्येक गोळीला ते मान डोलवत होते. शेवटची फेरी मी काही न लपवता सांगितली, मी कुठल्या बाजूला वळले तेसुद्धा.

"तो कितने से हारे?"

"एका फेरीनं, अब्बा. बारा-तेरा."

"बस एक?" ते म्हणाले, आणि खाटेवर ताठ उठून बसले.